बिजलीची चंदी

2021 साली रमजानचा पहिला रोजा 14 एप्रिलला आला आणि त्याच रात्री आठ वाजल्यापासून राज्यभर कडक निर्बंध लागले. इफ्तार उरकून आम्ही दाराला कडी घालत होतो, तेवढ्यात बाहेर लाकडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. दार उघडलं तर ओसरीच्या खांबाला एक घोडी बांधलेली. दोर नवाकोरा होता, घोडी मात्र रित्या पोत्यासारखी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लांब कुठेतरी पोलिसांची शिट्टी वाजत होती.

घोडी कसली, तट्टूच ते. उंची जेमतेम साडेतीन फूट. घरातल्या धाकट्या पोरानं तिला लगेच ओळखलं. "ही बिजली आहे, माझ्या बिस्मिल्लाची!" चार वर्षांपूर्वी जरीची टोपी घालून तो हिच्याच पाठीवरून मिरवला होता. मिरजेत आणि आसपासच्या गावांत पोरांच्या बिस्मिल्लाला, सुंतेला, उरुसातल्या फेऱ्यांना ही घोडी असायचीच. कपाळावर आरशांची पट्टी, गळ्यात घुंगरं. आता गळ्यात काही नव्हतं.

ती आमच्याच दारात का आली, याचा विचार करायची गरज पडली नाही. आम्ही नालबंद. आमच्या दादांनी स्टेशनबाहेरच्या टांग्यांच्या घोड्यांना आणि बाजाराला येणाऱ्या बैलांना नाल मारण्यात आयुष्य काढलं. टांगे गेले, रिक्षा आल्या, बैल कमी झाले. अब्बांनी पुढे वेल्डिंगचं दुकान टाकलं, पण कानस, पकड आणि हातोडी असलेली दादांची पेटी अजून माळ्यावर आहे आणि गावात 'नालबंदांचं घर' म्हटलं की लोक आमच्याकडेच बोट दाखवतात. जनावर कुणाच्या तरी पदरात टाकायचंच, तर आणखी कुठे टाकणार?

पहिल्या नजरेला ती फार वाईट दिसली नाही, हे कबूल केलं पाहिजे. एप्रिलच्या उन्हातही तिच्या अंगावर थंडीतले लांब केस तसेच होते. उपाशी घोड्याचे केस वेळेवर झडत नाहीत, हे आम्हांला नंतर कळलं. त्या केसांनी बरंच काही झाकलं होतं. अब्बांनी पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच थबकला. केसांखाली मांस असं नव्हतंच. पाठीचा कणा करवतीसारखा हाताला लागत होता आणि फासळ्यांच्या मधल्या खाचांत बोट बसत होतं.

मग आम्ही ते केलं जे कुणीही केलं असतं. सेहरीसाठी भिजत घातलेले हरभरे होते, ते घमेल्यात ओतले. वर गुळाचा खडा. अम्मीनं इफ्तारच्या उरलेल्या चपात्या आणल्या. घोडी आधी नुसती हुंगत राहिली, मग अशी तुटून पडली की दातांवर घमेलं वाजायला लागलं. आम्ही कौतुकानं बघत उभे होतो. दिवसभराचा उपास आपण एका खजुरानं आणि घोटभर पाण्यानं सोडतो. त्या संध्याकाळी आम्हीही तसाच सोडला होता. आणि तासाभरातच, किती दिवसांची उपाशी कोण जाणे अशा त्या मुक्या जनावरापुढे, आम्ही भरलेलं घमेलं ठेवलं होतं.

सकाळी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या. त्यांची सेवा अत्यावश्यक, म्हणून त्यांना फिरायला मोकळीक होती. दुहेरी मास्कच्या वरून त्यांनी घोडी पाहिली, घमेलं पाहिलं आणि विचारलं, "काय घातलं?" आम्ही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. घोडीच्या मानेवर, वाघीच्या दोऱ्यासारख्या कण्यावर, खांद्यामागे, फासळ्यांवर, कमरेवर, शेपटीच्या मुळाशी अशा सहा ठिकाणी त्यांनी चाचपून पाहिलं. घोड्याची अंगलट मोजायचं एक माप आहे, हेनेक नावाच्या अमेरिकन माणसानं 1983 मध्ये मांडलेलं. एक ते नऊ. पाच म्हणजे ठीक, नऊ म्हणजे लठ्ठ. "ही एक," त्या म्हणाल्या. "आणि हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं, हातांनी ठरवायचं असतं. केसाळ तट्टू डोळ्यांना फसवतं."

मग त्यांनी रक्त काढलं आणि नळी आमच्या खिडकीत उभी करून ठेवली. लाल थर हळूहळू खाली बसायला लागला. त्या मध्येच बोलणं थांबवून नळीकडे बघत होत्या. परदेशात चौतीस इंचांच्या आतबाहेरचे बुटके घोडे हौसेनं पाळतात, मिनिएचर हॉर्स म्हणतात त्यांना. त्यांना, आपल्या तट्टांना आणि गाढवांना एक खास धोका असतो, असं त्यांनी सांगितलं. उपासमारीत त्यांच्या अंगातली चरबी इतक्या वेगानं सुटते की रक्तात मावत नाही, काळीज चरबीनं भरतं. अशा वेळी नळीतला वरचा थर दुधासारखा दिसतो. तो तसा दिसला तर फारशी आशा नसते. अर्ध्या तासानं वर जो थर आला तो पिवळसर आणि स्वच्छ होता. डॉक्टरबाईंनी तेव्हा पहिल्यांदा खुर्ची मागितली.

पण हरभऱ्याचं काय? त्यांनी आम्हांला अगदी शाळेतल्यासारखं समजावलं. उपाशी शरीर आधी चरबी खातं, मग स्वतःचं मांस खातं. या काळात पेशींतले क्षार रिते होत जातात. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम. वरवर रक्तात त्यांचं प्रमाण ठीक दिसत राहतं. अशा जनावराला अचानक दाणा, गूळ, चपाती मिळाली की इन्सुलिन उसळतं, साखर पेशींत शिरते आणि शिरताना रक्तातले उरलेसुरले क्षारही ओढून नेते. मग स्नायू लुळे पडतात, श्वास अडतो, हृदयाचा ताल चुकतो. घोड्याला तर ओकताही येत नाही, पोटात गेलेलं गेलंच. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेली माणसंसुद्धा पोटभर जेवण मिळाल्यावर अशीच दगावली होती.

"आणि हे लगेच होत नाही," त्या म्हणाल्या. "खायला लागलं, आता वाचलं, असं आपल्याला वाटतं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी जनावर जातं."

अब्बा इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "कितव्या दिवशी म्हणालात?"

"तीन ते पाच."

अब्बा आत निघून गेले. ऊन लागलं असेल, रोजा आहे, असं आम्हांला वाटलं.

औषध म्हणून डॉक्टरबाईंनी लिहून दिली लसूणघास. तीही सावलीत वाळवून. तिच्यात पिष्ट कमी आणि प्रथिनं, फॉस्फरस, मॅग्नेशियम बऱ्यापैकी, म्हणून. दर चार तासांनी फक्त दीडशे ग्रॅम. त्याहून एक काडी जास्त नाही. दाणा बंद, गूळ बंद, चपाती तर बघायचीसुद्धा नाही. पाणी आणि मिठाचा खडा मात्र कायम समोर. अम्मीनं मसाला तोलायची तागडी काढून दिली. दीडशे ग्रॅम वाळली लसूणघास म्हणजे किती? एका मोठ्या माणसाच्या दोन्ही ओंजळी. घोडी ती चार मिनिटांत संपवायची आणि आमच्याकडे बघत राहायची. ते बघणं सोसत नव्हतं. घरात पकोड्यांचा वास, आणि ओसरीवर ती अशी बघतेय.

एक गोष्ट मात्र सोपी झाली. चार वाजता, आठ वाजता, बारा वाजता, पुन्हा चार, आठ, बारा. रमजान नसता तर पहाटे चारला कोण उठलं असतं? सेहरीसाठी घर जागंच असायचं. आधी तागडीत लसूणघास, मग आमचा तवा. रात्रीच्या आठचं इशाच्या आधी, बाराचं तरावीह उरकून. मशिदी बंद होत्या, तरावीह घरीच. त्या महिन्यात आमचं आणि घोडीचं वेळापत्रक एकच होतं.

तरी चौथ्या रात्री व्हायचं ते झालंच. बाराची घास तिनं अर्धी खाल्ली आणि तोंड फिरवलं. मांडीचे स्नायू थरथरायला लागले, उंबरठ्यावरून जाणाऱ्या ट्रकनं भिंत हलावी तसे. मग पुढचे पाय दुमडले आणि ती बसली. बसली ती कुशीवर कलंडली. डॉक्टरबाईंना फोन केला. पोलिसांनी दोनदा अडवल्यामुळे त्यांना यायला तास लागला. तोवर आम्ही पोत्यांत कडबा भरला आणि दोन्ही बाजूंनी टेकू देऊन तिला छातीवर बसवून ठेवलं. कुशीवर फार वेळ पडलेला घोडा आपल्याच वजनाखाली गुदमरतो, एवढं अब्बांना दादांकडून माहीत होतं. पहाटेपर्यंत क्षार घातलेलं सलाइन चाललं. बाटली धरून आम्ही आळीपाळीनं उभे.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्या रात्रीही मोठ्या रस्त्यानं ॲम्ब्युलन्स एकामागून एक जात होत्या. लोक ऑक्सिजनच्या खाटेसाठी कुठून कुठून येत होते. गल्लीतल्या एकानं खिडकीतून विचारलंच, "माणसं मरायलीत आणि तुम्ही तट्टाला सलाइन लावताय?" उत्तर नव्हतं. आजही नाही. आमच्या नात्यातली दोन माणसं त्या पंधरवड्यात गेली, त्यांना हातसुद्धा लावता आला नाही. जिला हात लावता येत होता, तिला आम्ही धरून बसलो होतो, एवढंच.

पहाटे बांगेच्या वेळी बिजली उभी राहिली. पाय फाकवून, दारू प्यायल्यासारखी, पण उभी राहिली. अम्मी पुटपुटली, "उठी रे माँ, उठी." त्या दिवशी आमची सेहरी राहून गेली. नुसत्या पाण्यावर रोजा धरला.

सकाळी अब्बा तिच्या पायाशी बसले होते. खूर हातात घेऊन. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सब्जा बी चौथे दिन गया था."

सब्जाची गोष्ट आम्हां सगळ्यांना पाठ होती. दादांचा स्वतःचा एक टांगा होता, त्याला हा पांढरा-करडा घोडा. 1972 च्या दुष्काळात टांग्यात बसायला कुणाकडे पैसे नव्हते. लोक खडी फोडायला जात होते, लाल मिलोच्या भाकरी खात होते. कडबा सोन्याच्या भावानं. सब्जाची हाडं दिसायला लागली तेव्हा दादांनी दादीचे चांदीचे तोडे गहाण टाकले आणि सांगलीहून हरभऱ्याचं पोतं आणलं. दोन वेळा भरून चंदी सुरू केली. घोडा खायला लागला, हिनहिनायला लागला, घरात ईद झाली. चौथ्या दिवशी सकाळी तो तबेल्यात मरून पडलेला होता.

गोष्टीचा पुढचा भाग असा, की सब्जाला विष घातलं होतं. भिंतीपलीकडच्या घरानं. त्या घराशी पन्हाळीच्या पाण्यावरून वाद होता आणि आदल्या संध्याकाळी तिथला कर्ता माणूस तबेल्यापाशी दिसला होता. दादा त्याच्या दारात जाऊन ओरडले, जमात बसली, कुणी काही सिद्ध करू शकलं नाही. पण त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मयतीला खांदा नाही, शादीला दावत नाही, ईदला गळाभेट नाही. एकोणपन्नास वर्षं. आम्ही पोरं त्याच गोष्टीवर वाढलो. पलीकडच्या पोरांबरोबर गोट्या खेळलो म्हणून आम्ही मारही खाल्लाय.

"चंदीची बादली मी न्यायचो," अब्बा म्हणाले. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. "अब्बाजी म्हणायचे, भरून ने. मी शीग लावून न्यायचो."

सब्जा कशानं मेला हे आज कोण छातीठोक सांगणार? डॉक्टरबाईंना आम्ही विचारलं तेव्हा त्यांनीही एवढंच म्हटलं, की लक्षणं तशीच वाटतात. पण अब्बांना त्याहून जास्त पुराव्याची गरज नव्हती. त्यांनी ती बादली उचललेली होती.

दहाव्या दिवसापर्यंत लसूणघास वाढवत वाढवत दिवसातून तीनदा अर्धा अर्धा किलोवर आली. त्यानंतर हवी तेवढी, जोडीला थोडा कडबा. जंताचं औषध डॉक्टरबाईंनी मुद्दाम लांबवलं, अशक्त पोटाला तेही झेपत नाही म्हणून. मग तोंडातून अर्धवट चघळलेले घासाचे गोळे पडायला लागले, तेव्हा त्यांनी दात तपासले. दाढांच्या कडा इतक्या धारदार झाल्या होत्या की गालाला आतून चिरे पडले होते. कानशीनं त्या कडा घासून घेतल्या. कानस चालताना अब्बांनी तिचं डोकं धरलं होतं. खुरांवर चालणारी कानस आम्ही जन्मापासून पाहिलेली, दातांवर चालताना पहिल्यांदा पाहिली.

वजन मोजायचीही एक युक्ती त्यांनी शिकवली. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि 11880 नं भागायचं. येतं ते किलो. पहिल्या दिवशी घेर 118, लांबी 110. म्हणजे 129 किलो. शिवणकामाची फीत घेऊन दर जुम्म्याला धाकट्यानं घेर घ्यायचा आणि कोळशानं भिंतीवर लिहायचा, असं ठरलं. भिंत तीच, दोन घरांमधली.

ईद 14 मेला आली. ईदगाह बंद, गळाभेट बंद. दुपारी अब्बांनी धुतलेला झब्बा घातला, मास्क लावला, अम्मीकडून शीरखुर्म्याचा वाडगा मागून घेतला आणि पलीकडच्या दारात जाऊन उभे राहिले. आम्ही गच्चीवरून बघत होतो. त्या घरातला तो माणूस जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. दार त्याच्या मुलानं उघडलं. तो अब्बांच्याच वयाचा, एके काळी दोघं एका वर्गात. अब्बा सहा फुटांवरून बोलत होते आणि बोलताना हातानं बादलीचा आकार दाखवत होते. पलीकडचा माणूस खाली मान घालून ऐकत होता. शेवटी तो काय बोलला ते आम्हांला वरून स्पष्ट ऐकू आलं.

"हे आमचे अब्बा असताना सांगायचं होतंत, भाईजान."

अब्बांनी वाडगा पायरीवर ठेवला आणि ते परत आले. संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

वाडगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर होता. धुतलेला, आणि आपल्याकडे वाडगा रिता पाठवत नाहीत, म्हणून आत काहीतरी होतं. काठोकाठ हरभरे. सोबत निरोप नाही, चिठ्ठी नाही. ते आमच्यासाठी होते की घोडीसाठी, टोमणा होता की माफी, यावर आमच्यात पुष्कळ चर्चा झाली आणि एकमत झालं नाही. अम्मीनं ते बरणीत भरून ठेवले. जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी मूठभर चंदीची परवानगी दिली, तेव्हा बरणीतलेच भिजत घातले. एक मूठ. अब्बांनी स्वतः तळहातावरून भरवले.

सप्टेंबरात घेर 132 झाला, लांबी 112. 164 किलो. जुने केस जाऊन आत कातडी चमकायला लागली. शेपटीच्या मुळाशी हाड शोधावं लागायला लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाच. आणि आता हात आवरा, तट्टू लठ्ठ झालं की खुरांना ताप होतो.

दिवाळी सरली, तुळशीची लग्नं लागली आणि एका सकाळी घोडीवाला आला. पायरीखालीच उभा राहिला. बिजलीनं त्याला आमच्या आधी ओळखलं आणि अशी हाक मारली की आम्ही सगळे बाहेर आलो. सात महिने आम्ही त्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. पण समोर उभा होता त्याची स्वतःची अंगलट दोनच्या वर नव्हती. 2020 चा सगळा हंगाम गेला होता. 2021 च्या एप्रिलमध्ये लग्नाला माणसं पंचवीस आणि वेळ दोन तास, त्यात घोडी कोण सांगतो? घेतलेल्या सुपाऱ्याही परत कराव्या लागल्या. तो तिला उसाचं पाचट घालत होता. घरात चार पोरं. "चाचा, पोरांच्या ताटातलं हिला घातलं नाही. ते जमलं नाही," एवढंच तो म्हणाला.

द्यायची की नाही यावर आमच्यात भांडण झालं, जेवणं राहिली. धाकटा रडून रडून झोपला. घरातली सून म्हणाली, पुन्हा टाळेबंदी लागली तर हा पुन्हा दुसऱ्या कुणाच्या दारात बांधेल. खोटं नव्हतं ते. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. दर सहा आठवड्यांनी खूर करायला बिजलीला इथे आणायचं, पैसे नाहीत. आणि घरात दाणा संपला तर रात्री खांबाला बांधायची नाही, दिवसा येऊन दार वाजवायचं.

तो आणतो. त्याचा मधला मुलगा पाय धरतो, अब्बा कानस चालवतात. उपासमारीच्या दिवसांत वाढलेलं खूर वेगळं दिसतं. त्यावर भोवतीनं एक खोलगट वळ उमटतो आणि खूर वाढेल तसा तो खाली सरकत जातो. बिजलीच्या चारही खुरांवर तो वळ होता. जूनमध्ये केसांच्या कडेखाली बोटभर, ईद-ए-मिलादच्या सुमाराला मध्यावर. 2022 च्या फेब्रुवारीत तो जमिनीला टेकला. अब्बांनी चष्मा पुसला, चारही पाय एकामागून एक घेतले आणि तो कानशीनं काढून टाकला. घोडीवाल्याच्या मुलाला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो विचारत होता, आज एवढा वेळ का लागतोय?

मग धाकट्यानं फीत काढली. भिंतीवर कोळशाचे आकडे आता त्याच्या डोक्याच्या वर गेले होते, म्हणून अब्बांनी त्याला उचलून घेतलं.

"कितना?"

"एकशे तेहतीस."

"लिख."